मासळीचा वास आणि जुलैची रात्र: किनाऱ्यावरच्या एका बाळंतिणीचं प्रकरण

गणपती जाऊन आठवडा झाला होता. दुपारची ओपीडी संपत आली तेव्हा सासूबाई तिला घेऊन आल्या. अडीच महिन्यांचं चेडू सासूबाईंच्या खांद्यावर, आणि ती मागे, दाराची चौकट धरून उभी. मी काही विचारायच्या आधीच सासूबाईंनी सुरुवात केली, "मॅडम, हिका काय झाला ता बगा. दर्याकाठची सून माझी, आणि माशाक भियता."

मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात समुपदेशक आहे. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरीदारी सगळे तिला वयनी म्हणतात. मीही तेच म्हणत गेले, म्हणून इथेही वयनीच.

वय सव्वीस, पहिलं बाळंतपण. नवरा यांत्रिक होडीवर खलाशी. सासू आणि सून दोघी मिळून बंदरावरच्या लिलावात मासळी घेतात, साफ करतात, बाजारात बसून विकतात. मासळी या घरात नुसती जेवणात नसते, घर तिच्यावर चालतं. त्यामुळे सुनेला वास सहन होत नाही म्हणजे अर्धी कमाई थांबली. सासूबाईंच्या आवाजातली धार मला तशी समजत होती. त्या वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांचं एक वाक्य येणार आहे.

त्या रात्री काय झालं

रिवाजाप्रमाणे बाळंतपणाला ती माहेरी गेली. जुलैचा पहिला आठवडा, लावणीचे दिवस, पाऊस नुसता ओतत होता. रात्री कळा सुरू झाल्या, जवळच्या रुग्णालयात नेलं, पहाटे दोनच्या सुमाराला नॉर्मल बाळंतपण झालं. मुलगी रडली, वजन चांगलं भरलं. आवस, म्हणजे तिची आई, बाहेरच्या बाकड्यावर होती, तिला आत सोडलं नव्हतं. तिला मुलगी दाखवली. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

मग रक्तस्राव थांबेना. बाळंतपणानंतर चोवीस तासांत 500 मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं तर त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. जगभरात बाळंतपणात बायका दगावण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं: वार पडल्यावर गर्भाशयाने मुठीसारखं आवळून यायला हवं, ते येत नाही, आणि वार जिथे चिकटलेली होती तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या वाहत राहतात. उपाय ठरलेले आहेत: ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, पोटावरून गर्भाशय जोरात चोळणं, गरज पडली तर एक मूठ आतून आणि एक हात पोटावरून असं गर्भाशय दोन्ही बाजूंनी दाबून धरणं, सलाईन, रक्त. सगळं मिनिटांत करावं लागतं. खोलीत धावपळ होते. आणि जिच्यावर हे चाललेलं असतं ती बाई शुद्धीवर असते.

वयनीला आठवतं ते तुकड्यांत. खालून गरम गरम वाहतंय, आणि अंग मात्र गार पडत चाललंय. स्टीलचा ट्रे कशावर तरी आपटल्याचा आवाज. ओल्या फरशीवरून स्लिपरांची फटफट. कुणीतरी म्हणालं, "थांबत नाहीये." ती ओरडली तेव्हा दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, "गप रव." आणि कुणीतरी तिच्या पोटावर बुक्के मारत होतं. हा शेवटचा तुकडा तिने मला पाचव्या भेटीत सांगितला.

तिथून 108 च्या गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात, दीड तासाचा रस्ता, वर टपावर पाऊस. दोन बाटल्या रक्त चढलं. पाचव्या दिवशी ती माहेरी परतली. पेढे वाटले गेले. तिला मात्र काय झालं होतं, हे कुणी बसून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता सगळं ठीक आहे." आवस म्हणाली, "देवान वाचवल्यान." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींवर बोलणं संपत होतं.

दोन महिने गप्प

मी पहिल्याच भेटीत अडखळले ते इथे. घटना जुलैची. त्रास सुरू झाला सप्टेंबरमध्ये. मधले दोन महिने ती शांत होती, म्हणजे निदान तशी दिसत होती. असं का?

उत्तर कोकणच्या कॅलेंडरमध्ये होतं. 1 जून ते 31 जुलै समुद्रात मासेमारीबंदी. माहेर डोंगराकडच्या बाजूला, तिथे त्या दिवसांत फार तर सुकी मासळी, आणि तीही बाळंतिणीला देत नाहीत. सव्वा महिना ती काळोख्या खोलीत, उबेत. आवस सकाळी तेल लावून चोळायची, चुलीवर तापवलेल्या पाण्याने न्हाऊ घालायची, मग शेक, मग ओवा आणि बाळंतशोपा निखाऱ्यावर टाकून धुरी. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू. मुलीला न्हाऊमाखू आवसच घालायची, लंगोट तीच बदलायची, पाजायला तेवढी आणून द्यायची. त्या रात्रीचं काहीही त्या खोलीत नव्हतं. धुरीच्या वासाने तिला आजही झोप येते. आपल्या जुन्या बाळंतपणाच्या पद्धतींतल्या काही गोष्टींशी माझं भांडण आहे, काळोख आणि कोंडलेला धूर त्यांत पहिला. पण या बाईला त्या खोलीने सव्वा महिना सांभाळलं, तेही लिहायला हवं.

मग श्रावण. सासरी श्रावण पाळतात. गणपतीला ती मुलीला घेऊन सासरी आली. घर चाकरमान्यांनी भरलेलं, आरत्या, मोदक, सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरणारं चेडू. गणपती गेले, चाकरमानी गेले, आणि दोन दिवसांनी सासूबाईंनी पाटीभर बांगडे आणले.

परसात नळाजवळ, पाटावर बसून, विळी पायाखाली. हे काम वयनी दहाव्या वर्षापासून करते आहे. डोकं, कल्ले, पोट चिरून आतलं काढायचं, धुवायचं, बाजूच्या स्टीलच्या परातीत टाकायचं. चौथ्या की पाचव्या बांगड्याला परात सरकून दगडावर आपटली आणि आतलं लालसर पाणी तिच्या मांडीवर सांडलं. पुढचं तिला नीट सांगता येत नाही. सासूबाईंनी सांगितलं: ती उठली नाही, ओरडली नाही. तशीच बसून राहिली, डोळे उघडे, ओठ पांढरे, हातात विळीवर अर्धा चिरलेला मासा. हाक मारली तर ओ नाही. पाच-सात मिनिटांनी थरथरायला लागली. पाऊस नव्हता, ऊन होतं, आणि ती थंडीने कुडकुडत होती.

त्यानंतर बाजारात दोनदा असंच झालं. मग ती बंदरावर जाईना, मग परसात जाईना, मग घरात मासे शिजले की माडाखाली जाऊन बसे.

घरच्यांनी काय समजलं

नवऱ्याला वाटलं, माहेरी लाड झाले. शेजारणीला वाटलं, बाळंतिणीला बाहेरची बाधा झाली, ओली बाळंतीण पावसात गाडीतून नेली होती ना. सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घातलं. मी त्यांना गाऱ्हाणं बंद करा म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. ज्या घरात सुनेसाठी देवासमोर उभं राहणारं कुणी आहे, त्या घरात माझं काम सोपं होतं. फक्त एवढं म्हटलं की ते चालू ठेवा, आणि सोमवारी हिला माझ्याकडेही पाठवा.

भीती दुसरीच होती. सासूबाईंनी दाराआड नेऊन विचारलं, "हिका रत्नागिरीक न्हेवचा लागात काय?" रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 सालापासूनचं आहे, आणि आमच्याकडे गावाचं नाव आजाराचं नाव होऊन बसलं आहे. कितीतरी बायका याच एका वाक्याच्या भीतीने बोलत नाहीत. मी सांगितलं, नाही, लागणार नाही.

अर्थात तेवढ्यावर सोडलं नाही. अशा वेळी काही गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत क्वचित होणारी सायकोसिस ही तातडीने उपचार करायची अवस्था असते: भास, भलतेसलते संशय, झोप पूर्ण उडणं, बोलण्याचा ताळ सुटणं. तसं काही नव्हतं. इतकं रक्त गेल्यावर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते, त्यात दूधच उतरत नाही आणि सतत थकवा येतो. वयनीला दूध भरपूर होतं. हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉईड ठीक. नैराश्य तपासायची दहा प्रश्नांची जी प्रश्नावली 1987 पासून जगभर वापरतात, तिच्यात ती काठावर आली. मला हे महत्त्वाचं वाटतं. बाळंतपणानंतरचं मानसिक आरोग्य म्हणजे नैराश्य एवढंच आपण तपासतो. ही बाई उदास नव्हती. मुलीकडे बघून हसत होती. तिला त्रास होत होता तो आठवणीचा, आणि त्यासाठीचे प्रश्न वेगळे असतात.

आघातोत्तर तणाव विकार हे निदान अमेरिकी मानसोपचारशास्त्राच्या निदान-पुस्तिकेत 1980 साली आलं, मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे. बाळंतपणही असा आघात असू शकतं हे मान्य व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो की सर्वसाधारणपणे बाळंत होणाऱ्या बायकांत सुमारे 4 टक्के जणींना हा विकार होतो, आणि ज्यांचं बाळंतपण गुंतागुंतीचं किंवा जोखमीचं होतं त्यांच्यात 18 टक्क्यांच्या आसपास. तालुक्याच्या एका रुग्णालयात वर्षाला होणारी बाळंतपणं डोळ्यांसमोर आणली की हा आकडा मला जड जातो.

तारीख नसलेली आठवण

सासूबाईंना मी हे कसं समजावलं ते सांगते, कारण शब्द त्यांनीच पुरवले.

आपल्या साध्या आठवणींना जागा आणि वेळ असते. "गेल्या गणपतीत", "धाकट्याच्या लग्नात." जिवावर बेतलेल्या क्षणी मेंदू असं नीट लावून ठेवत नाही. त्या वेळी डोळे, कान, नाक, कातडी यांनी जे घेतलं ते कच्चंच साठतं, गोष्टीत ओवलेलं नसतं. म्हणून ते पुन्हा वर येतं तेव्हा "असं झालं होतं" म्हणून येत नाही, "होतंय" म्हणून येतं. वयनी थंडीने कुडकुडली ती आठवून नव्हे. तिच्या शरीरापुरती जुलैची ती पहाट पुन्हा सुरू झाली होती.

आणि वासाचं आणखी वेगळं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत एका मधल्या चौकीवरून पुढे जातं. वास त्या चौकीवर थांबत नाही. नाकातून निघालेला निरोप थेट त्या भागांत पोचतो जिथे भीती आणि आठवण शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे वास ओळखता यायच्या आधीच अंगावर काटा येतो, किंवा रडू येतं, आणि कशामुळे ते माणसाला सांगता येत नाही.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांचे मालक वादळात गेले त्याला बावीस वर्षं झाली, पण ओल्या जाळ्याला डिझेलचा वास आला की अजून त्यांच्या पोटात खड्डा पडतो. "तसाच गे हिचा?" मी म्हटलं, तसंच, पण दसपटीने. त्या दिवसापासून "माशाक भियता" हे वाक्य त्यांनी बंद केलं.

माझी चूक

पहिल्या तीन भेटी मी वासाच्या मागे लागले. सगळे वासच सांगत होते, ती स्वतःही. "माका वास सहन होणा नाय." रक्ताचा आणि ताज्या मासळीचा वास एकमेकांना जवळचा, दोन्हींत तोच लोखंडी उग्रपणा. धागा इतका सरळ जुळत होता की मी पुढे विचारलंच नाही.

चौथ्या भेटीला मी बाजारातून दोन बांगडे आणले, झाकलेल्या ताटात. तिला आधी सांगितलं, तिने हो म्हटलं, ताट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. झाकण काढलं. त्रास शून्य ते दहामध्ये किती, विचारलं. ती म्हणाली, तीन. ताट जवळ घेतलं. तीनच. तिने बोटाने कल्ला उघडून पाहिला, सवयीने, आणि म्हणाली, "कालचो आसा ह्यो." मासा शिळा होता, आणि ते तिने बरोबर ओळखलं. भीती जवळपास नव्हतीच.

मी गोंधळले. सासूबाई बाहेर चहाला गेल्या होत्या, मुलगी तिच्या मांडीवर. तेवढ्यात मुलीने शू केली.

मी तिच्याकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. आधी हात थांबले. मग मानेपासून वरपर्यंत रंग उतरला, अगदी कपडा पिळावा तसा. तिने मुलीला उचललं आणि टेबलाच्या कडेवर ठेवलं, ठेवलं म्हणजे जवळजवळ सोडलं, आणि खुर्ची मागे सारून भिंतीला जाऊन टेकली. मुलीला मी धरलं. एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने ताट सरकवत मी तिला नावाने हाका मारत राहिले, कुठे आहे, कोणता वार आहे, माझं नाव काय, असं विचारत. परत यायला तिला चारेक मिनिटं लागली.

मग ती रडली. पहिल्यांदा. ती म्हणाली, "मॅडम, चेडवान मुतल्यान की असाच होता. मी तेका खाली ठेवन पळतंय. येकदा पडला असता."

हेच होतं. मांडीवरून ओघळणारी कोमट ओल. त्या पहाटे खालून जे वाहत होतं त्याची ओल. परसात परातीतलं पाणी सांडलं ती ओल. वास सोबतीला होता, आवाजही होता, पण दार उघडत होती ती ओल. आणि ती दिवसातून दहा वेळा तिच्या स्वतःच्या मुलीकडून येत होती. माहेरी लंगोट आवस बघायची, म्हणून तिथे झालं नव्हतं.

वासाबद्दल ती सगळ्यांना सांगू शकत होती. माशाचा वास आवडेनासा झाला, एवढंच तर. पण "माझ्या बाळाने शू केली की मी त्याला टाकून पळते" हे कोणती बाई सांगेल? एकदा सासूबाईंनी पाहिलं होतं आणि त्या बोलून गेल्या होत्या: "कसली आवस गे तू?" त्या एका वाक्याने ती दोन आठवडे तोंड मिटून होती.

तेव्हापासून मी प्रत्येक बाळंतिणीला इंद्रियं वेगवेगळी विचारते. काय दिसलं की, काय ऐकलं की, कसला वास आला की, कशाची चव लागली की, अंगाला काय लागलं की. शेवटचा प्रश्न सगळ्यात हळू आणि एकटीला. दूध पान्हावून पोलकं भिजणं, पाळीचा पहिला दिवस, दवाखान्यातलं सोनोग्राफीचं गार जेल, नवऱ्याचा अंधारातला हात, हे सगळं त्या शेवटच्या प्रश्नात येतं. वयनीच्या बाबतीतही नवऱ्याचा हात होता. तो बिचारा समजत होता की ती रागावली आहे.

उपचार

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा आमच्याकडे येतात. त्यांनी तपासलं. स्तनपानात चालणारी औषधं आहेत, गरज पडली तर देऊ, पण आधी सहा आठवडे समुपदेशनाने बघू असं ठरलं. औषध लागलं नाही. लागलं असतं तर त्यातही काही कमीपणा नव्हता.

पहिलं काम मुलीच्या सुरक्षिततेचं. खाली जाड गोधडी अंथरून, भिंतीला टेकून, जमिनीवरच बसून पाजायचं. मांडीवर रबरी कापड आणि त्यावर जाड सुती दुपटं, म्हणजे ओल लगेच कातडीला लागत नाही. घाबरायला झालं तर "आई, घ्या" एवढे दोनच शब्द म्हणायचे, आणि सासूबाईंनी काही न विचारता घ्यायचं. सासूबाईंनी हे इतकं मनापासून पाळलं की पुढे त्या "घ्या" म्हणायच्या आधीच हात पुढे करायच्या, आणि मला त्यांना सांगावं लागलं, आता जरा थांबा.

दुसरं, परत यायची खूण. अशा वेळी वर्तमानात आणणारी एखादी जोरदार संवेदना हाताशी लागते. कुणाला थंड पाणी चालतं, तिला ते चालणार नव्हतं. मी विचारलं, त्या रात्री तोंडात काय चव होती? "कायच नाय. सुका." मग चव मोकळी होती, त्या रात्रीने ती बाटवली नव्हती. तिने स्वतःच सुचवलं, आमसूल. तेव्हापासून तिच्या कनवटीला कागदात दोन आमसुलं असत. अंग गार पडायला लागलं की एक दाढेखाली धरायचं. आंबटाने तोंड वाकडं झालं की माणूस आत्ता असतो, इथेच असतो.

तिसरं, खरं काम: "तेव्हा" आणि "आत्ता" यांतला फरक अंगाला शिकवणं. न्हाणीत, दिवसा, दार उघडं, तांब्यात कोमट पाणी. आधी पावलांवर ओतायचं, डोळे उघडे ठेवून, आणि मोठ्याने म्हणायचं काय वेगळं आहे ते. तिचं वाक्य मी तिच्या फायलीत लिहून ठेवलं आहे: "ह्या पाणी माझ्या हातातला. मीच ओततंय. बंद करूचा तर मीच करतलंय." चार दिवस पावलं, मग पोटऱ्या, मग गुडघे, मग मांडी. मांडीला ती तीनदा थांबली. थांबलेली चालेल, पण त्रास जरा उतरल्याशिवाय न्हाणीतून पळायचं नाही, एवढा एकच नियम. पळालं की अंग शिकतं, पळालो म्हणून वाचलो.

चौथं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते माझ्या खोलीत झालं नाही.

तिच्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. इंग्रजीत लिहिलेलं. आम्ही ते ओळीओळीने वाचलं, कोणतं इंजेक्शन, किती वाजता, किती रक्त. मग ती बुक्क्यांचं बोलली. कुणीतरी तिला मारत होतं, कारण ती ओरडत होती. ही तिची खात्री होती. आधीचं "गप रव" आणि नंतरचे बुक्के तिच्या मनात एकाला एक जोडले गेले होते.

मी त्या रुग्णालयात गेले. आधी टोलवाटोलवी झाली, ती मी समजू शकते, लोक तक्रारीला घाबरतात. पण त्या रात्रीच्या एका सिस्टर भेटायला तयार झाल्या, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. वयनी, तिची आवस, सिस्टर आणि मी, चौघी. सिस्टरनी टेबलावर स्वतःची मूठ ठेवली, दुसरा हात तिच्यावर दाबला आणि दाखवलं, गर्भाशय असं आवळून धरतात. गाडी येईपर्यंत वीस मिनिटं त्या तसं धरून उभ्या होत्या. हात सुन्न झाले होते, म्हणाल्या, पण सोडले असते तर तू गाडीपर्यंत पोचली नसतीस.

वयनी त्या मुठीकडे बघत राहिली. "म्हणजे ती माका मारत नाय होती?"

मग, थोड्या वेळाने, अगदी शांतपणे: "मगे माका कोणी सांगूक कित्याक नाय?"

सिस्टरकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि तिचा हात हातात घेतला. "गप रव" कुणी म्हटलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण म्हटलं गेलं असेल, हे त्यांनी नाकारलं नाही. मला त्या बाईबद्दल फार आदर वाटतो. तिचे हात जीव वाचवत होते हे खरं, आणि वयनीला त्या रात्री एकटं, अंधारात ठेवलं गेलं हेही खरं. पहिल्याने दुसरं पुसून टाकायचं नसतं. प्रसूतिकक्षात बाळंतिणीजवळ तिचं माणूस असावं, तिच्याशी सन्मानाने वागावं हे 2017 साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात लिहिलेलं आहे. बाकड्यावरची ती आवस आत असती तर निदान एक ओळखीचा चेहरा त्या आठवणीत असता.

त्या भेटीनंतर बुक्क्यांचं स्वप्न थांबलं. ओलीची भीती लगेच गेली नाही. समज एका वाटेने येते, कातडी आपल्या वेळाने शिकते.

पुढे

दिवाळीपर्यंत ती मुलीचा लंगोट स्वतः बदलू लागली होती. डिसेंबरमध्ये परसात मासे साफ करायला बसली, आधी प्लॅस्टिकचा एप्रन बांधून. दोन आठवड्यांनी मी एप्रन सोडायला सांगितलं, तर रागावली माझ्यावर. सोडला मात्र. जानेवारीच्या अखेरीस बंदरावर लिलावाला गेली, सासूबाईंच्या मागे उभी राहिली, वितळलेल्या बर्फाचं पाणी पायांखालून वाहत होतं. दोन्ही आमसुलं संपली. पण पाटी घेऊन परतली.

मी फाईल जवळजवळ बंद केली होती. जूनमध्ये मृग लागला, पहिल्या रात्री पत्र्यावर पाऊस कोसळला आणि ती पुन्हा गाडीच्या टपाखाली गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, आवाज खोल. हे व्हायचंच होतं, आणि मी तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं. वर्ष भरत आलं की ऋतूच आठवण काढतो. तोच पाऊस, तोच चिखलाचा वास, लावणीची तीच गडबड. मुलीचा पहिला वाढदिवस आणि तिची ती पहाट एकाच तारखेला. घरात फुगे आणायचं चाललं होतं आणि तिला तारीख जवळ येईल तसं जेवण जाईना. आम्ही पुन्हा चार वेळा भेटलो. रात्री-अपरात्री माझा फोन लागला नाही तर 14416 वर लावायचा, हेही ठरलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा हा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तिने एकदा लावला, पहाटे सव्वादोनला.

वाढदिवस त्यांनी एक दिवस उशिरा केला. ही सूचना सासूबाईंची. त्या तारखेला रात्री आवस येऊन राहिली, खोलीत ओव्याची धुरी केली, खिडकी उघडी ठेवून, आणि दोघी जाग्या राहिल्या. दोन वाजून गेले. पाऊस होता.

ओल्या फरशीवर स्लिपरांची फटफट ऐकली की तिची मान अजून वळते. तिने मला सांगून ठेवलंय, तेवढं राहू दे.

गेल्या महिन्यात ती आली ती वेगळ्याच कामाला. दुसऱ्या मुलाचा विचार चालला आहे. पुढच्या वेळी रुग्णालयात दाखवायला कागद लिहून हवा होता. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. वैद्यकीय भाग मी वर दोन ओळींत लिहिला: आधीच्या बाळंतपणात जास्त रक्तस्राव, रक्त तयार ठेवावं, सोय असलेल्या ठिकाणीच बाळंतपण करावं. खाली तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत:

"माझी आवस आत व्हयी. हात लावच्या आदी माका सांगा. रगात जास्ती गेला तर लपवू नकात, काय करतात ता बोलत रवा, मी आयकतंय."

तिने सही केली, कागद डिस्चार्ज कार्डाच्या पिशवीत घातला आणि मुलीला कडेवर घेऊन गेली. मुलगी बाजारातल्या बांगड्याला "बाबा" म्हणते.